कच्च्याच राहू द्या त्या पेशी

पाकिटांवर माझ्या नवऱ्याचा फोटो लावायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. त्याचा पहिला स्मृतिदिन जवळ आला होता. माझे दीर एका संध्याकाळी नमुना घेऊन आले आणि त्यांनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला. रायपूरच्या पंडरी कापडबाजारातून आणलेल्या पांढऱ्या कापडाची नाडीची छोटी पिशवी, आत तपकिरी भुकटीची पुडी आणि बाहेर चिकटवलेला फोटो. फोटो रेल्वेच्या ओळखपत्रावरचा होता. त्यात तो कायम कुणावर तरी चिडल्यासारखा दिसतो, आणि तो चिडका माणूस नव्हता. खाली हिंदीत दोन ओळी होत्या. पहिली 'पुण्यस्मृति में'. दुसरी सांगत होती की ही औषधी मशरूमची भुकटी असून तिनं शरीराची रोगप्रतिकारशक्ती वाढते.

आमच्या बौद्ध समाजात स्मृतिदिनाला गेलेल्या माणसाच्या नावानं दान करतात. कुणी विहाराला खुर्च्या देतं, कुणी वस्तीतल्या मुलांना दप्तरं, कुणी छताचा पंखा. पंख्याच्या पात्यांवर नाव रंगवलेलं असतं आणि उन्हाळाभर ते नाव लोकांच्या डोक्यावर गरगरत राहतं. मला ही रीत आवडते. म्हणून दीरांनी दानाचं मनावर घेतलं याचा मला आधी आनंदच झाला होता. मग त्यांनी बेत सांगितला. सकाळी विहारात वंदना आणि परित्राणपाठ, नंतर भन्तेजींचं भोजन, आणि दुपारी ही पाकिटं घेऊन त्याच हॉस्पिटलमध्ये जायचं जिथे त्याच्यावर उपचार झाले. डायलिसिसच्या वॉर्डात वाटायची, आणि किडनी बदललेले लोक तपासणीसाठी बाहेर बाकावर बसलेले असतात त्यांनाही.

"तिथे हे वाटायचं नाही," मी म्हटलं.

"काहून?"

"किडनी बदललेल्या माणसाला हे द्यायचं नसतं."

दीरांनी पिशवी उचलून तिची नाडी घट्ट केली, जणू माझं बोलणं तिच्यात जाऊन भुकटी खराब होणार होती. "वहिनी, तुमाले नाही म्हणाची आदत लागली आहे. दादा जित्ता होता तवाही नाही. आता गेला, तरी नाही."

सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, खाली बसून लाखोरीची भाजी खुडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण हात थांबले होते.

ती किडनी त्यांची होती, म्हणून हे सांगणं भाग आहे. माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा घरात कुणाची जुळते याच्या तपासण्या झाल्या. माझी जुळली नाही. दीरांची साखर वाढलेली निघाली. आईंची जुळली. डॉक्टरांनी वयाचा प्रश्न काढला तेव्हा आई त्यांना म्हणाल्या की नऊ महिने सगळा पोट्टा ठेवला होता, आता एक तुकडा द्यायला काय जातं. त्यानंतर आमच्या घरात ती किडनी हे एक वेगळंच माणूस होऊन राहिली. सकाळी स्वयंपाकघरातून आई विचारायच्या, "चालू आहे का?" पाण्याची मोटर चालू आहे का असं विचारावं तसं. तो लोणच्याच्या बरणीकडे बघायला लागला की म्हणायचा, मी नाही, आईची किडनी मागते आहे. तो त्यांच्यावर कधी आवाज चढवून बोलला तर त्या म्हणायच्या, "माहीच किडनी घेऊन माह्यावर चिडतं का रे?"

राखण माझ्याकडे होती. गोळ्यांच्या वेळा, उकळलेलं पाणी, बाहेरचं दही नाही, कच्ची मोडाची उसळ नाही, गर्दीत तोंडावर पट्टी. लग्नाच्या पंगतीत मी त्याच्या ताटावर नजर ठेवून बसायची आणि लोक हसायचे. मी कमी बोलणारी बाई आहे. कॉलेजात शिकवते तेवढंच काय ते मोठ्यानं बोलते. पण 'नाही' हा शब्द मी त्या वर्षांत इतक्यांदा उच्चारला की नातेवाइकांना माझा तेवढाच आवाज ठाऊक झाला.

आता माझ्या विषयाबद्दल. तो मी निवडला तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. पुढे तो आमच्याच घरात येऊन बसेल असं मला वाटण्याचं काही कारण नव्हतं.

संशोधनाच्या काळात मी अळंबीवर काम केलं. खाण्याच्या नव्हे, लाकडावर उगवणाऱ्या कडक, चकचकीत, औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या. या अळंब्यांच्या पेशींच्या भिंतीत साखरेच्या लांब लांब साखळ्या असतात. चहातल्या साखरेसारख्या गोड नसतात त्या. जिभेला त्यांची चव कळत नाही. पण आपल्या शरीरातल्या काही पेशींना कळते. त्यातल्या एका जातीला डेंड्रायटिक पेशी म्हणतात, म्हणजे फांद्या फुटलेल्या पेशी. हाडांच्या मज्जेत त्या जन्मतात, आणि मग कातडीत, फुप्फुसात, आतड्यात जाऊन बसतात. लहान असतात तेव्हा त्यांचं काम एवढंच: येईल ते चाखायचं आणि गप्प राहायचं. धोक्याची खूण सापडली की त्या पिकतात. शास्त्रात यालाच पेशीचं परिपक्व होणं म्हणतात. खाणं बंद करतात, अंगावर फांद्या फुटतात, चाखलेल्या वस्तूचा तुकडा पृष्ठभागावर झेंड्यासारखा धरून त्या लसिका गाठींकडे चालू लागतात आणि तिथल्या लढाऊ पेशींना उठवतात.

मी उंदराच्या हाडांच्या मज्जेतून अशा पेशी काढून काचेच्या डिशमध्ये वाढवायची. कच्च्या असतात तेव्हा त्या गोल, गुळगुळीत दिसतात. मग अळंबीचा अर्क घालायचा. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून बघितलं की त्याच पेशी काटेरी झालेल्या. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरले होते. एखाद्या वर्गातली गप्प पोरं रातोरात बोलायला लागावीत तसं ते होतं.

पण माझ्या गुरूंनी मला त्याच दिवशी सांगितलं की एवढ्यानं खूश व्हायचं नाही. अर्कात जिवाणूंचा बारीकसा अंश जरी शिरला असेल तरी पेशी अशाच पिकतात. मग ते अळंबीनं केलं की घाणीनं, हे कसं सांगणार? त्यासाठी शेजारी दुसरी डिश ठेवायची. सगळं तेच, फक्त अर्क नाही. आणखी एक, ज्यात अर्क असतो पण जिवाणूंचा अंश निकामी केलेला असतो. या शेजारच्या डिश नसतील तर तुमचं म्हणणं हे फक्त म्हणणं आहे. मी पुढे बरंच विसरले, हे विसरले नाही. आणि उंदराच्या पेशींचं काचेत जे होतं ते भुकटी गिळलेल्या माणसात किती होतं, हेही कुणी मला छातीठोकपणे सांगितलं तर मी अजून त्याच्याकडे संशयानंच बघते.

आमच्या घरातलं प्रकरण याच्या बरोबर उलट होतं. दुसऱ्याची किडनी शरीरात बसवली की ती टिकवण्यासाठी या पेशी पिकू द्यायच्या नसतात. कच्च्या राहिल्या तर त्या सांभाळून घेतात. पिकल्या की आरडाओरडा करून किडनीवर सगळी फौज पाठवतात. म्हणून आयुष्यभर गोळ्या, ज्यांनी ही सगळी फौज पेंगुळलेली राहते. गंमत अशी की त्याच्या गोळ्यांपैकी एक मुळात बुरशीतूनच शोधलेली होती. बुरशीची एक चीज पेशींना उठवते, दुसरी झोपवते. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या खात्यातही बदल्या होतात."

कोरोनाच्या वर्षांत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला, इम्युनिटी. दीरांनी तेव्हा आरंगच्या रस्त्यावर एक शेड भाड्यानं घेतली होती. भाताची तणस, इकडे जिला पैरा म्हणतात, ती उकळून पिशव्यांत भरायची आणि तीवर ढिंगरी अळंबी उगवायची. माल चांगला असायचा. मग त्यांनी औषधी अळंबीही घ्यायला सुरुवात केली आणि तिची भुकटी विकू लागले. पहिली पुडी त्यांनी भावासाठी आणली. मनापासून आणली होती, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. मी ती परत केली. त्यांनी दुसऱ्यांदा आणली, आईंच्या हाती दिली. आईंनी ती दुधात घालायला घेतली आणि मी दूध मोरीत ओतलं. रात्री त्याच्यापुढे मी सगळं मांडलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला की जिवंत पेशींच्या बाबतीत तू, मालगाडीच्या डब्यांच्या बाबतीत मी. बस्स. जे ठरलं ते त्यानं ठरवलं होतं. लोक हे विसरतात. त्यांच्या बोलण्यात तो नेहमी असा असतो की जणू त्याला तोंडच नव्हतं.

शेडवर मात्र तो जायचा. भावाशी गप्पा मारायला, त्या ओलसर, अंधाऱ्या जागेत पांढरे गुच्छ लटकलेले बघायला. मी म्हणायची, कुजक्या तणशीत बुरशी असते, जाऊ नकोस. तो पट्टी लावून जायचा. "मला काय काचेच्या कपाटात ठेवतेस?" असं म्हणायचा, आणि जायचा.

गेल्या वर्षी थंडी सुरू होताना त्याला ताप आला. खोकला. छातीच्या फोटोत डाग दिसले. मग डॉक्टरांनी रक्ताची एक खास तपासणी करायला सांगितली. निकाल आला तेव्हा तरुण डॉक्टर मला समजावायला लागले की फुप्फुसात बुरशी वाढली तर तिच्या भिंतीतली एक साखर रक्तात उतरते, तिला बीटा-ग्लुकन म्हणतात. मी म्हटलं, माहीत आहे. खरोखर माहीत होतं. ज्या साखळीवर मी तारुण्यातली वर्षं घालवली तीच त्याच्या रक्तात सापडली होती. त्याच्या शरीरातल्या पेशी तिला ओळखायच्या, पण आम्हीच त्यांना गप्प बसवलेलं होतं. गोळ्या कमी केल्या, बुरशीवरची औषधं शिरेतून दिली. तो वाचला नाही.

भेटायला येणाऱ्यांत गोंदियाच्या एक नातेवाईक बाई होत्या. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "इम्युनिटीच नव्हती बिचाऱ्यात. घरातच औषध होतं, पन..." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. पुढे वर्षभर ते कुणीच पूर्ण केलं नाही. पण ते घरात राहिलं. चहा देताना, विहारात चपला काढताना, आमच्या बूढ़ापारा वस्तीच्या गल्लीत कुणी स्कूटर थांबवून विचारपूस करताना, मला ते 'पन' ऐकू यायचं. आईंनीही माझ्याशी कामापुरतं बोलणं सुरू केलं. त्या रागावल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. त्या फक्त माझ्याकडे बघायच्या थांबल्या.

मी वर्षभर विचार केला. मला विचार करायला वेळ लागतो आणि दुःखात तर फारच लागतो. भुकटी दिली असती तर तो वाचला असता का? मला माहीत नाही. किडनीच आधी गेली असती का? माहीत नाही. काहीच झालं नसतं का? तेही शक्य आहे. त्याच्या आयुष्याच्या शेजारी दुसरी डिश नव्हती, ज्यात सगळं तेच आणि फक्त भुकटी जास्त. तशी डिश कुणाच्याच माणसाची नसते. ज्यांना ती दिसते त्यांना ती त्यांच्या मनात दिसते. मला एवढंच सांगता येतं की मला जे ठाऊक होतं त्यावरून मी जे केलं तेच पुन्हा करीन. मी खूप रडले आहे, आणि अजून रडते. पण त्या वाक्यापुढे मी मान खाली घातलेली नाही आणि घालणार नाही.

स्मृतिदिनाच्या सकाळी विहारात सगळं शांतपणे झालं. भन्तेजी बाराच्या आत भोजन करून गेले. आम्ही घरी परतलो तेव्हा अंगणात खोकी रचून ठेवलेली होती आणि बाहेर ऑटो उभी होती. आठवडाभर मी रोज नाही म्हटलं होतं, आणि माझं नाही हे आता घरात पावसाच्या बातमीसारखं झालं होतं. ऐकायचं आणि कामाला लागायचं. दीर खोकं उचलायला वाकले. मी जाऊन त्या खोक्यावर बसले.

असं काही करायचं मी ठरवलं नव्हतं. पांढरी साडी, पायात चप्पल नाही, आणि मी एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर. खोकं माझ्या वजनानं थोडं दबलं. गोंदियाच्या बाई जिन्यात थबकल्या. माझी मुलगी, जिला मराठी सगळी कळते पण उत्तर हिंदीतच सुचतं, जवळ येऊन हळूच म्हणाली, "मम्मी, सब देख रहे हैं।" मी म्हटलं, बघू दे.

"उठा वहिनी," दीर म्हणाले. "ऑटोवाला थांबून राहिला."

"थांबू द्या."

"भुकटी जहर आहे का? एकदा बोलून टाका सगळ्याइच्या समोर. एवढे लोक घेऊन राहिले, कोनी मेलं का?"

"जहर आहे असं मी कधीच म्हटलं नाही." माझा आवाज वर्गातला झाला होता, ते मला जाणवलं. "तुमच्या पाकिटावर जे लिहिलंय ते खोटं असेल, तर आपण तुमच्या दादाच्या नावानं भुसा वाटतोय. आणि ते खरं असेल, तर त्या बाकावर बसलेल्या माणसांना नेमकं तेच चालत नाही. दोन्हींतलं काय मानायचं ते तुम्ही ठरवा. काहीही मानलंत तरी ही खोकी तिथे जात नाहीत."

आई ओट्यावरून उतरल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या.

"मले समजावून सांग," त्या म्हणाल्या. "इंग्रजी नोको."

मी सांगितलं. अंगात राखणदार असतात. लहान असतात तोवर हुंगतात, बघतात, गप्प राहतात. मोठे झाले की गावभर ओरडतात, घरात परकं कुणीतरी घुसलंय. अळंबीतली साखर त्यांना मोठं करते असं मी स्वतः काचेत पाहिलंय. त्याच्या गोळ्या त्यांना लहान ठेवायच्या, म्हणजे तुमच्या किडनीवर कुणी ओरडू नये.

"परकं?" आईंच्या कपाळावर आठी आली. "माही किडनी परकी?"

"अंगाला परकीच असते, आई."

"माह्या पोटात वाढला तो. त्याच्या पोटात माही किडनी परकी काहून होईन व?"

याचं उत्तर पुस्तकात आहे, आणि ते मी दरवर्षी मुलांना शिकवते, पण कधी कुणा आईला तोंडावर सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "तो तुमच्या पोटात होता ना, तेव्हा तोही तुमच्या अंगाला अर्धा परकाच होता. अर्धा त्याच्या बाबांचा. तेव्हा तुमचे राखणदार आपणहून कच्चे राहिले, कुणी ओरडलं नाही. म्हणून तो जन्मला. त्याच्या अंगाला ते आपणहून जमत नव्हतं. म्हणून आम्हाला ते गोळ्यांनी करावं लागलं."

अंगणात ऑटोवाल्याच्या रेडिओचा आवाज तेवढा येत होता.

"मंग ते चालली का?" त्यांनी विचारलं. "शेवटच्या दिवशी?"

"चालली आई. फुप्फुसं हरली. किडनी चालत होती. डॉक्टरांनी मला दाखवलं होतं."

मी त्यांना हे आधी का सांगितलं नाही, असं कुणी विचारेल. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि मला वाटत होतं त्यांना माहीतच आहे. घरात माणूस गेल्यावर सगळ्यांना सगळं माहीत आहे असं सगळेच धरून चालतात.

दीर दुसऱ्या खोक्याच्या कडेवर बसले. ते मोठ्यानं बोलणारे गृहस्थ आहेत, पण आता त्यांचा आवाज मलाही नीट ऐकू येईना. ते म्हणाले, "वहिनी, थे बुरशी पैऱ्यातून आलती का? माह्या शेडमधून?"

वर्षभर हा प्रश्न माझ्याकडेही होता. गोंदियाच्या बाईंच्या त्या 'पन'ला फेकून मारायला याहून जड दगड मला मिळाला नसता. आणि तो मी उचलला नव्हता, कारण तो माझा नव्हता. खरा आहे की नाही हेच मला ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही, भाऊजी. ती बुरशी सगळीकडे असते. कूलरच्या गवतात, कुंडीत, रस्त्याच्या धुळीत. तुमच्या शेडमधून आली असेल. नसेलही. मी तसं म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला म्हणू देणार नाही. पण मग माझ्याबद्दलही कुणी म्हणायचं नाही."

शेवटचं मी जिन्याकडे बघून म्हटलं.

"थे लोहाराची गोष्ट आयकली नाही का तुनं?" आई दीरांना म्हणाल्या. आमच्याकडे ती सगळ्यांनी ऐकलेली असते: भगवंतांना, म्हणजे बुद्धांना, शेवटचं जेवण एका लोहारानं वाढलं, त्यानंतर ते आजारी पडले. काही लोक म्हणतात त्या जेवणात अळंबी होती. "भगवंतानं निरोप देल्ला होता का नाही, का त्या लोहाराले कोनी बोलू नोका. मंग? तू काय त्याच्याहून मोठा पापी लागून गेला का?"

दीरांनी चेहरा झाकून घेतला. मला तेव्हा कळलं की ही खोकी कशानं भरली होती. त्यांना तिथे जाऊन कुणाला तरी वाचवायचं होतं. मला त्यांची दया आली. पण मी उठले नाही. दया आली म्हणून खोकी सोडली असती, तर त्या बाकावरच्या कुठल्यातरी आईची किडनी पणाला लागली असती.

आईंनी सगळ्यात वरच्या पिशवीवरचा फोटो नखानं सोडवायला सुरुवात केली. "तुनं बरोबर केलं का चूक केलं, थे मले नाही समजत," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पन माहा पोरगा ह्याच्यावर नोको."

त्यांनी मला माफ केलं असं मी समजत नाही. मी माफी मागितलीही नव्हती. आम्ही दोघी फोटो काढत बसलो, एवढंच. गोंद चांगला होता. बहुतेक फोटो कपाळातून फाटले.

मग प्रश्न आला की दान काय द्यायचं. कुणीतरी केळी सुचवली. मी म्हटलं, डायलिसिसवाल्यांना केळी चालत नाहीत. नारळपाणी? तेही नाही. तेव्हा दीर डोळे पुसत म्हणाले, "मंग काय द्याचं वहिनी, हवा?" आणि माझी मुलगी हसली. त्या अंगणात वर्षानंतर कुणीतरी हसलं होतं. पण त्या दिवशी दान झालं नाही. ऑटो रिकामी परत गेली. पहिला स्मृतिदिन दानाशिवाय गेला ही गोष्ट नागपूर-गोंदियापर्यंत पोचली आणि ती माझ्या नावावर जमा झाली. असू दे. त्या 'पन'च्या शेजारी तिलाही जागा आहे.

दीर भुकटी अजून विकतात. तो त्यांचा धंदा आहे आणि निरोगी माणसानं आपल्या पैशानं काय गिळावं हे ठरवणारी मी कुणी नाही. पण मी त्यांच्या मागे लागले होते की पाकिटावर एक ओळ छापा. त्यांनी टाळलं, मी पुन्हा सांगितलं. शेवटी परवा ते नवं पाकीट घेऊन नवा रायपूरच्या रस्त्यानं थेट माझ्या कॉलेजात आले. मागच्या बाजूला, अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की किडनी किंवा दुसरा अवयव बदललेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मी चष्मा काढून, पाकीट डोळ्यांजवळ नेऊन ते वाचलं. मग त्यांना परत दिलं आणि म्हटलं, अक्षरं मोठी करा. आणि पुढच्या बाजूला घ्या.

"समोर टाकलं तं गिऱ्हाईक घाबरन ना वहिनी."

"घाबरू द्या," मी म्हटलं. तासाची घंटा झाली होती, आणि मी वर्गात गेले.